विचारा, सांगते : एन्झाइम म्हणजे जंतू नव्हेत

मागच्या अंकात दूध न पचण्याबद्दलच्या एका पत्राला उत्तर देताना ‘त्यांच्यात लॅक्टेज नावाचं एन्झाइम कमी पडतं’ एवढं एकच वाक्य लिहून मी पुढे गेले होते. त्या वाक्यावर पत्रांचा नुसता पाऊस पडला. कुणाला एन्झाइम म्हणजे उपयोगी जंतू वाटतात, कुणाला जीवनसत्त्वाचा प्रकार, कुणाला थेट शरीरातली शक्ती. जीवरसायनशास्त्र शिकवण्यात माझी सगळी नोकरी गेली, त्यामुळे हा गोंधळ मला नवा नाही. या वेळचं सदर त्यामुळे एन्झाइमांनाच देते. एन्झाइम म्हणजे शरीरातल्या रासायनिक अभिक्रियांचा वेग वाढवणारा रेणू, एवढं आधीच सांगून ठेवते. सारख्या आशयाची पत्रं एकत्र केली आहेत.

बाई, मी अकरावीत आहे. ‘विकरे (म्हणजे एन्झाइमं) सक्रियन ऊर्जा कमी करतात’ हे वाक्य मी पेपरात लिहिते, मार्कही मिळतात. पण कमी करतात म्हणजे नक्की काय करतात? ती ऊर्जा जाते कुठे?

मार्क मिळाल्यावरही हा प्रश्न पडला, याबद्दल तुला शाबासकी. सक्रियन ऊर्जा म्हणजे अभिक्रिया सुरू व्हायला लागणारी किमान ऊर्जा. ती कुठेही जात नाही. दोन गावांच्या मध्ये डोंगर आहे असं समज. एरवी माथ्यावरून चढून जावं लागतं, म्हणून फार थोडे लोक पलीकडे पोचतात. एन्झाइम डोंगर हलवत नाही, खिंडीतली कमी चढाची वाट उघडून देतं. दोन्ही गावं होती तिथेच आणि तेवढ्याच उंचीवर राहतात. म्हणून जी अभिक्रिया मुळात होणारच नाही, ती एन्झाइमने होत नाही. जी होणारच असते, ती लवकर होते. शिवाय खिंडीतून जाताही येतं आणि परतही येता येतं, त्यामुळे उलट दिशेची अभिक्रियाही त्याच पटीत वेगवान होते. ही गोष्ट पुस्तकात बहुधा एका ओळीत उरकलेली असते.

आता डोंगर आणि खिंड बाजूला ठेव. प्रत्यक्षात काय होतं ते एका एन्झाइमवरच बघू. कायमोट्रिप्सिन घे. ते स्वादुपिंडात तयार होतं आणि लहान आतड्यात प्रथिनं तोडतं. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची साखळी. तिच्यातला प्रत्येक जोड, म्हणजे पेप्टाइड बंध, पाण्यामुळे तुटू शकतो. पण नुसत्या पाण्यात, साध्या तापमानाला, असे निम्मे बंध तुटायला काहीशे वर्षं लागतात. याचं कारण असं की तुटण्याआधी बंधातल्या कार्बनला एका फार अवघडलेल्या अवस्थेतून जावं लागतं. तीन अणूंशी सपाट जोडलेल्या त्या कार्बनला चौथा येऊन चिकटतो आणि शेजारच्या ऑक्सिजनवर ऋण भार साचतो. ही अवस्था टिकत नाही. पाण्याचे रेणू येऊन आदळतात आणि बहुतेक वेळा काही न होता परत जातात.

कायमोट्रिप्सिनमध्ये एक खोलगट खाच आहे. तिच्यात पाणी फारसं टिकत नाही. फिनाइलॲलनिन, टायरोसिन, ट्रिप्टोफॅन अशी मोठं वलय असलेली अमिनो आम्लंच तिच्यात नीट बसतात. वलय खाचेत बसलं की तोडायचा बंध बरोबर तीन अमिनो आम्लांसमोर येतो. साखळीतलं ५७ वं हिस्टिडीन, १०२ वं ॲस्पार्टेट आणि १९५ वं सेरीन. आकडे जरा नीट बघ. साखळी सरळ ताणली तर ही तिघं एकमेकांपासून किती लांब पडतात! साखळीची ठरावीक घडी पडते, तेव्हाच ती शेजारी येतात. एन्झाइमचं सगळं सामर्थ्य त्या घडीत आहे, हे पुढच्या उत्तरांसाठी लक्षात ठेव.

ॲस्पार्टेट हिस्टिडीनला योग्य जागी धरतं. हिस्टिडीन सेरीनचा हायड्रोजन ओढून घेतं. एरवी कुणाच्या अध्यातमध्यात नसलेलं सेरीन त्यामुळे आक्रमक होतं आणि त्याचा ऑक्सिजन थेट त्या कार्बनवर चाल करतो. मघाचा ऋण भार साचतो, पण तो साचतो त्याच जागी एन्झाइमचे दोन हायड्रोजन त्याला सांभाळायला हजर असतात. अवघडलेल्या अवस्थेला आधार मिळतो. बंध तुटून साखळीचा एक तुकडा निघून जातो, दुसरा सेरीनला चिकटून राहतो. मग पाण्याचा रेणू येतो. हिस्टिडीन आता त्याच्या बाबतीतही तेच करतं आणि दुसरा तुकडाही सुटतो. सेरीनला त्याचा हायड्रोजन परत मिळतो, एन्झाइम होतं तसं पुढच्या बंधाला मोकळं. काहीशे वर्षांचं काम सेकंदाच्या बारीकशा अंशात उरकतं. ‘सक्रियन ऊर्जा कमी झाली’ म्हणजे हे एवढं सगळं झालं.

तुझ्या पुस्तकात कुलूप-किल्लीचं चित्र असेल. ते एमिल फिशर यांनी १८९४ मध्ये मांडलं. माझ्या मते त्या चित्राने विद्यार्थ्यांचं थोडं नुकसानच केलं आहे. एन्झाइमने मूळ रेणूलाच घट्ट धरून ठेवलं, तर तो बदलेल कशाला? खाच सर्वांत चांगली जुळते ती मधल्या, अवघडलेल्या अवस्थेशी. हा मुद्दा १९४० च्या दशकात लायनस पॉलिंग यांनी स्पष्ट केला. त्यात १९५८ मध्ये डॅनियल कोशलँड यांनी भर घातली की एन्झाइम ताठ नसतं, समोरचा रेणू आत येताना तेही आपला आकार बदलतं. पेपरात मात्र पुस्तकातलंच वाक्य लिही. मार्क त्यालाच आहेत.

अभिक्रिया एरवीही होणारच असतील, तर एन्झाइमचं एवढं कौतुक कशाला? नुसता वेग वाढला तर काय मोठंसं? (एक निवृत्त अभियंता)

नुसता वेग? तुम्ही आत्ता श्वास सोडलात, त्याचंच घ्या. शरीरात तयार होणारा कार्बन डायऑक्साइड बहुतांशी बायकार्बोनेटच्या रूपात रक्तातून फुप्फुसात येतो. तिथे त्याला पुन्हा वायू होऊन बाहेर पडायचं असतं. फुप्फुसाच्या केशवाहिनीत रक्त जेमतेम सेकंदभर असतं. एन्झाइमशिवाय हे रूपांतर तेवढ्या वेळात पुरं होत नाही. तांबड्या पेशींतलं कार्बोनिक अनहायड्रेज ते काम करतं. त्याच्या गाभ्यात जस्ताचा एक अणू असतो आणि त्याचा एक रेणू सेकंदाला सुमारे दहा लाख वेळा हे काम करतो. वेग नसता तर श्वास असून नसल्यासारखा झाला असता.

दुसरं टोक बघा. डीएनए आणि आरएनएचे घटक बनवताना एका टप्प्यावर एका रेणूतून कार्बन डायऑक्साइड काढावा लागतो. एन्झाइम नसेल तर त्यातले निम्मे रेणू बदलायला ७ कोटी ८० लाख वर्षं लागतील, असं रिचर्ड वूल्फेन्डेन आणि ॲना राद्झिका यांनी १९९५ मध्ये दाखवलं. प्रत्येक पेशी हे काम क्षणार्धात करते.

पण माझ्या दृष्टीने खरी गंमत वेगाच्या पलीकडे आहे. ग्लुकोजची बाटली उघडी ठेवली तर ऑक्सिजन भोवती असूनही ते जळत नाही. ऊर्जेच्या हिशोबाने खरं तर जळायला हवं. आपल्या शरीरातले जवळपास सगळेच रेणू असे, कधीतरी बदलतील पण आज नाही, या अवस्थेत असतात. त्यांतल्या कोणत्या रेणूला, कोणत्या पेशीत, कोणत्या घटकेला घाई करायची, हे तिथे कोणतं एन्झाइम आहे आणि ते चालू आहे की बंद, यावर ठरतं. सगळंच एकदम वेगाने झालं असतं तर ती नुसती आग झाली असती. निवडून केलेली घाई, असं मी वर्गात म्हणायची.

मॅडम, एन्झाइम जिवंत असतात का? ‘जिवंत एन्झाइम’ असलेल्या पदार्थांबद्दलचे संदेश मोबाइलवर सारखे येतात.

नाही. एन्झाइम हा एक रेणू आहे. तो खात नाही, वाढत नाही, त्याला पिल्लं होत नाहीत. घडी शाबूत असेल तर तो काम करतो, घडी मोडली तर करत नाही. ‘जिवंत’ आणि ‘मृत’ हे शब्द इथे लागूच पडत नाहीत.

मात्र ही शंका तुमच्या एकट्याची नाही. एकोणिसाव्या शतकात भले भले याच प्रश्नावर भांडले. १८३३ मध्ये पायें आणि पेर्सो या दोन फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी मोड आलेल्या बार्लीच्या अर्कातून स्टार्चची साखर करणारा पदार्थ वेगळा काढला होता. तीन वर्षांनी थिओडोर श्वान यांना जठररसात पेप्सिन सापडलं. असे पदार्थ निर्जीव असू शकतात, हे मान्य झालं. पण साखरेपासून अल्कोहोल होणं ही गोष्ट वेगळी, तिला जिवंत यीस्टच लागतं, असं लुई पाश्चर यांचं ठाम मत होतं. त्यांच्यासारख्या माणसाचं मत कोण खोडून काढणार?

ते खोडलं गेलं, तेही ध्यानीमनी नसताना. एडुआर्ड बुखनर या जर्मन रसायनशास्त्रज्ञांना यीस्टच्या पेशींमधला रस हवा होता, तोही औषधी उपयोगासाठी. त्यांनी यीस्ट वाळूबरोबर घोटलं, प्रचंड दाबाखाली पिळलं आणि पेशी नसलेला रस मिळवला. तो नासू नये म्हणून त्यात भरपूर साखर घातली. साखरेच्या पाकात जंतू वाढत नाहीत, तोच विचार. आणि त्या रसातून बुडबुडे यायला लागले. यीस्टची एकही जिवंत पेशी नाही आणि साखरेचं अल्कोहोल होतंय, कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतोय! हे १८९७ मध्ये प्रसिद्ध झालं, १९०७ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. पाश्चर १८९५ मध्येच वारले होते. ते हयात असते तर काय म्हणाले असते, याची मला आजही उत्सुकता आहे.

तरीही एन्झाइम म्हणजे नेमका कोणता पदार्थ, हे कळायला आणखी वेळ गेला. ते उत्तर जेम्स समनर या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञांनी दिलं, आणि ही माझी लाडकी गोष्ट आहे. समनर मूळचे डावखुरे. सतराव्या वर्षी शिकारीच्या अपघातात त्यांचा डावा हातच कोपराखाली गेला. एका हाताने रसायनशास्त्र जमणार नाही, असा सल्ला त्यांना मिळाला होता. त्यांनी १९१७ मध्ये जॅक बीन नावाच्या शेंगेच्या बियांमधलं युरिएज शुद्ध करायला घेतलं. हे एन्झाइम युरियाचं अमोनिया आणि कार्बन डायऑक्साइडमध्ये विघटन करतं. १९२६ मध्ये त्यांनी बियांच्या पिठाचा ॲसिटोनमध्ये केलेला अर्क थंडीत रात्रभर ठेवला आणि सकाळी त्याचा एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली धरला. त्यात इवलेसे स्फटिक होते. ते पाण्यात विरघळवले, तर युरिया झपाट्याने तुटत होता. आणि ते स्फटिक प्रथिनाचे होते. रिचर्ड विल्स्टॅटर हे त्या काळचं मोठं प्रस्थ, नोबेल विजेते. एन्झाइम प्रथिन असू शकत नाही, प्रथिन तर त्यात मिसळलेली घाण, असं त्यांचं म्हणणं होतं. चार वर्षांनी जॉन नॉर्थ्रॉप यांनी पेप्सिनचे स्फटिक मिळवले, ते एन्झाइमही प्रथिनच निघालं आणि विरोध मावळत गेला. समनर आणि नॉर्थ्रॉप यांना १९४६ चं नोबेल मिळालं.

ज्याचे मिठासारखे स्फटिक करून बाटलीत भरून ठेवता येतात आणि पाणी घातल्यावर ते पुन्हा कामाला लागतं, त्याला जिवंत म्हणायचं का, ते तुम्हीच ठरवा. सगळी एन्झाइमं प्रथिनंच असतात हेही पुढे पूर्ण खरं उरलं नाही. काही आरएनए रेणूही हेच काम करतात, हे दाखवल्याबद्दल टॉमस चेक आणि सिडनी ऑल्टमन यांना १९८९ मध्ये नोबेल मिळालं.

पोटातली एन्झाइमं प्रथिनं पचवतात आणि पोटही प्रथिनांचंच. मग ती पोटालाच का पचवत नाहीत?

पचवू शकतात, म्हणूनच शरीर ती ‘कुलूपबंद’ अवस्थेत तयार करतं. स्वादुपिंडात ट्रिप्सिन बनत नाही, ट्रिप्सिनोजेन बनतं. त्याच्या टोकाला अमिनो आम्लांचा एक छोटा तुकडा जास्तीचा असतो आणि तो असेपर्यंत खाच नीट तयारच होत नाही. लहान आतड्याच्या सुरुवातीला एन्टेरोपेप्टिडेज नावाचं एन्झाइम तो तुकडा कापतं. तयार झालेलं ट्रिप्सिन मग बाकीच्या ट्रिप्सिनोजेनचे तुकडे कापतं आणि मघाच्या कायमोट्रिप्सिनलाही जागं करतं. चुकून एखादं ट्रिप्सिन स्वादुपिंडातच जागं झालं, तर त्याची खाच बुजवणारं एक लहान प्रथिन तिथे आधीच हजर असतं. ही तटबंदी कोसळली की स्वादुपिंड स्वतःलाच पचवू लागतं. तीव्र पॅन्क्रिआटायटिसमध्ये, म्हणजे स्वादुपिंडाच्या दाहात, पोटात असह्य कळा येतात, त्यामागे हे असतं. जठराचं म्हणाल, तर त्याचं पेप्सिनही आधी निष्क्रिय असतं, आम्लात आल्यावर कामाला लागतं. आतून श्लेष्माचा थर असतो, आणि अस्तर दर काही दिवसांनी नवं होत राहतं.

‘ताप ३९ च्या वर गेला की शरीरातले एन्झाइम्स मरतात’ असं वाचलं. मुलाला ताप आला की माझे हातपाय गळतात. (एक आई)

मरण्याचं वर आलंच. घडी मोडते का, एवढंच विचारायचं. ३९-४० अंश सेल्सिअसला आपल्या बहुतेक एन्झाइमांच्या घडीला काही होत नाही. ती मोडायला सहसा याहून बरंच जास्त तापमान लागतं. त्यामुळे एन्झाइमांच्या काळजीने घाबरू नका. ताप किती आहे यापेक्षा मूल कसं आहे ते बघा. तान्हं बाळ, सुस्ती, झटके, पाणीही न पिणं, न उतरणारा ताप, यात डॉक्टर गाठायचे. उष्माघात हा प्रकार वेगळा आणि गंभीर. तिथे वाट बघायची नसते.

पण तापमानाला एन्झाइमं किती हळवी असू शकतात, हे तुम्हाला सयामी मांजराच्या अंगावर दिसेल. अंग फिकट, कान, नाकाडा, पंजे आणि शेपूट गडद. केसांचा गडद रंग बनवण्यात टायरोसिनेज हे एन्झाइम लागतं. या मांजरांमध्ये त्या एन्झाइमच्या साखळीत एक बदल झालेला आहे. त्यामुळे त्याची घडी शरीराच्या नेहमीच्या उष्णतेत टिकत नाही, थोड्या गारव्यात मात्र टिकते. धडाचा भाग ऊबदार, तिथे रंग नाही. कानांची टोकं, शेपूट गार, तिथे रंग. पिल्लं जन्मतात ती जवळजवळ पांढरी, कारण आईच्या पोटात सगळीकडे सारखीच ऊब. पुढे काही आठवड्यांत कडेकडेने रंग चढायला लागतो. हिमालयन जातीच्या सशांमध्येही असंच असतं. त्यांच्या पाठीवरचे केस काढून तिथे गारवा देत राहिलं, की नवे केस काळे उगवतात.

याच्या बरोबर उलट उदाहरण अमेरिकेतल्या यलोस्टोनच्या गरम झऱ्यांमधलं. टॉमस ब्रॉक यांना तिथे सत्तरेक अंशांच्या पाण्यात सुखाने वाढणारा ‘थर्मस ॲक्वाटिकस’ नावाचा जीवाणू सापडला. त्याचं डीएनए बनवणारं एन्झाइम उकळत्या पाण्याच्या जवळपासच्या तापमानालाही काही वेळ तग धरतं. पीसीआर चाचणीत डीएनएच्या असंख्य प्रती करायच्या असतात आणि त्यासाठी नमुना पुन्हा पुन्हा तापवावा लागतो. आधी दर फेरीला नवं एन्झाइम घालत बसावं लागायचं, या जीवाणूच्या एन्झाइमने ती कटकट संपवली. करोनाच्या काळात नाकात काडी घालून घेतलेले जे नमुने पीसीआरने तपासले, ते याच तऱ्हेच्या एन्झाइमवर.

माझ्या सासऱ्यांना हृदयासाठी ॲस्पिरिनची लहान गोळी रोज आहे. शस्त्रक्रियेआधी डॉक्टरांनी ती आठवडाभर बंद करायला सांगितली. पण डोकेदुखीवर घेतलेल्या ॲस्पिरिनचा असर काही तासांतच उतरतो. मग आठवडा कशाला?

फार नेमका प्रश्न आहे. वेदना आणि रक्ताची गुठळी, दोन्हीकडे ॲस्पिरिन एकाच जातीच्या एन्झाइमला अडवतं. त्याचं नाव सायक्लोऑक्सिजनेज. वेदना वाढवणारी प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं या एन्झाइममुळे बनतात. ॲस्पिरिनने ती बनणं थांबतं, हे जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये दाखवलं. ॲस्पिरिनचा रेणू एन्झाइमच्या आत जाणाऱ्या वाटेत शिरतो आणि तिथल्या एका सेरीनला आपला ॲसिटिल गट कायमचा चिकटवतो. वाट बंद. ॲस्पिरिन स्वतः रक्तातून लवकर नाहीसं होतं, पण तो चिकटलेला गट निघत नाही.

आता फरक पेशींचा. इतर पेशींमध्ये केंद्रक असतं, त्या काही तासांत नवं एन्झाइम बनवतात आणि दुखणं परत येतं. रक्ताची गुठळी करणाऱ्या प्लेटलेट्सना केंद्रकच नाही. त्यांचं जे एन्झाइम गेलं ते गेलं. प्लेटलेट सात ते दहा दिवस जगते, म्हणून जुन्या जाऊन पुरेशा नव्या यायला तेवढे दिवस द्यावे लागतात. लहानशी गोळी पुरते, तीही याचमुळे. रोज थोड्या नव्या प्लेटलेट्स येतात, त्यांचाच तेवढा बंदोबस्त करायचा असतो.

आयबुप्रोफेन त्याच वाटेत बसतं, पण चिकटत नाही, काही वेळाने निघून जातं. ते आधी घेतलेलं असेल तर ॲस्पिरिनला आत शिरायला जागा मिळत नाही आणि हृदयासाठीची गोळी फुकट जाऊ शकते. सासऱ्यांना गुडघेदुखीसाठी असं काही चालू असेल, तर डॉक्टरांच्या कानावर जरूर घाला. आणि ॲस्पिरिन स्वतःच्या मनाने कधीही बंद करू नये. कुणाची किती दिवस थांबवायची, की थांबवायचीच नाही, हे त्यांच्या हृदयाची स्थिती बघून ठरतं.

अशी जागा अडवण्याची युक्ती विषबाधेतही वापरतात. मिथेनॉल, म्हणजे विषारी दारूत आढळणारं अल्कोहोल, पोटात गेलं तर ते स्वतः मोठं विष नसतं. यकृतातलं अल्कोहोल डिहायड्रोजनेज त्याचं फॉर्माल्डिहाइड करतं, त्यातून फॉर्मिक आम्ल होतं आणि त्याने माणूस आंधळा होतो, दगावतो. रुग्णालयात फोमेपिझोल नावाचं औषध, किंवा ते नसेल तर मोजून इथेनॉल, म्हणजे नेहमीच्या दारूतलं अल्कोहोल, देतात. दोन्ही त्या एन्झाइमला मिथेनॉलपेक्षा अधिक घट्ट धरतात. मिथेनॉल बदलल्याविना राहतं आणि शरीराबाहेर टाकलं जातं.

एन्झाइमची पावडर घेतल्याने तारुण्य टिकतं का?

नाही. एन्झाइम हे प्रथिन आहे. ते गिळलं की जठरातलं आम्ल त्याची घडी मोडतं आणि पेप्सिन त्याचे तुकडे करतं. त्वचेपर्यंत ते त्या रूपात पोचतच नाही. काही गोळ्या मात्र खरोखर उपयोगी आहेत. स्वादुपिंड काम करत नसेल तर डॉक्टर पचनाच्या एन्झाइमची कॅप्सूल देतात. तिच्यातल्या औषधावर जठरात न विरघळणारं आवरण असतं. दूध पचत नसेल तर त्याच्यासोबत घ्यायची लॅक्टेजची गोळी मिळते. या दोघींचं काम पचनमार्गाच्या आतल्या आतच असतं. त्यांना रक्तात जायचं नसतं.

जखमेवर हायड्रोजन पेरॉक्साइड टाकलं की फेस येतो, चांगल्या त्वचेवर येत नाही. असं का? आणि शाळेच्या प्रकल्पासाठी एन्झाइमचा एखादा सोपा प्रयोग सांगाल का? (दहावीतला एक विद्यार्थी)

तुझ्या पहिल्या प्रश्नातच दुसऱ्याचं उत्तर आहे. रक्तात आणि पेशींच्या आत कॅटलेज हे एन्झाइम असतं. त्याच्या गाभ्यात लोह असतं. त्याचा एक रेणू सेकंदाला पेरॉक्साइडचे लाखो रेणू फोडून पाणी आणि ऑक्सिजन करतो. फेस त्या ऑक्सिजनचा. अखंड त्वचेचा वरचा थर मृत पेशींचा, शिवाय आतलं कॅटलेज बाहेर येत नाही, म्हणून तिथे शांतता. फेस आला म्हणजे जंतू मेले, असं मात्र समजू नकोस. पेरॉक्साइड चांगल्या पेशींनाही इजा करतं, म्हणून साध्या जखमेवर ते वापरू नका असंच आता सांगतात.

१९४० च्या दशकात जपानमध्ये शिगेओ ताकाहारा नावाचे नाक-कान-घसा तज्ज्ञ होते. एका लहान मुलीच्या तोंडातली सडलेली जखम साफ करताना त्यांनी पेरॉक्साइड ओतलं. फेस आलाच नाही, उलट रक्त काळपट झालं. बाटलीत काही बिघाड म्हणून सोडून न देता त्यांनी माग काढला. त्या मुलीत कॅटलेज जवळपास नव्हतंच. तोंडातले जीवाणू जे पेरॉक्साइड बनवतात, ते फोडायला कुणी नसल्यामुळे हिरड्या सडत होत्या. जन्मजात दोषाचं निदान एका न आलेल्या फेसावरून झालं.

आता प्रयोग. औषधाच्या दुकानात मिळणारं ३ टक्क्यांचं पेरॉक्साइड घे, याहून तीव्र नको. मोठी माणसं जवळ असू देत, आणि डोळ्यांवर चष्मा असू दे. कच्च्या बटाट्याचे सारख्या आकाराचे तीन तुकडे कर. एक तसाच ठेव, दुसरा उकळ, तिसरा बारीक किसून घे. तीन सारख्या उभ्या भांड्यांत सारखंच पेरॉक्साइड घालून एकेक तुकडा टाक आणि फेसाची उंची पट्टीने मोज. किसलेल्याला फेस जास्त का येतो, हे वहीत स्वतःच्या शब्दांत लिही. पेशी फुटणं आणि एन्झाइम बाहेर येणं यांचा त्यात संबंध आहे. उकळलेला तुकडा पूर्ण गार होऊ दे, मगच टाक. गरम टाकलास तर नुसत्या उष्णतेनेही थोडे बुडबुडे येतील, आणि परीक्षक त्यावरच बोट ठेवतील.